मधला मोकळा तास

कॉलेजात घंटा होते, पण ती आपल्यासाठी होत नाही. शाळेतल्या घंटेला आपलं नाव ठाऊक असायचं. ती झाली की उठायचं, डबा उघडायचा, रांग धरायची, घरी सुटायचं. इथली घंटा लांबच्या कुठल्यातरी व्हरांड्यात वाजते, दगडी कमानींतून फिरत फिरत आपल्यापर्यंत येते आणि काहीही न सांगता पुढे निघून जाते. जिन्यावरून मुलं उतरतात, जिन्यावरून मुलं चढतात, ओल्या छत्र्यांचं पाणी पायऱ्यांवर निथळत राहतं, एका दारातून बाहेर पडलेला घोळका दुसऱ्या दारात नाहीसा होतो, आणि ज्याला कुठल्याच दारात जायचं नाही असा एखादा नवा जीव छातीशी वही धरून, भिंतीवरच्या टाइमटेबलातला एक रिकामा चौकोन पुन्हा पुन्हा वाचत उभा असतो. ११.५० ते १२.४०.

काही नाही.

कॉलेजातलं बाकीचं सगळं कुणी ना कुणी सांगतं. कागदपत्रांच्या किती झेरॉक्स काढून ठेवायच्या, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, कॉट बेसिसवर जागा बघायची की हॉस्टेलच्या दुसऱ्या यादीची वाट पाहायची, कुठल्या मेसमध्ये खाडा धरतात आणि कुठे धरत नाहीत, हे शेजारच्या काकांपासून रूममेटच्या आतेभावापर्यंत सगळ्यांना पाठ असतं. हजेरी ७५ टक्के हवी, हे तर भिंतीसुद्धा बोलतात. त्या रिकाम्या चौकोनाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. आणि मला आता, इतके पावसाळे उलटल्यावर, असं वाटू लागलंय की पहिलं वर्ष घडतं किंवा बिघडतं ते त्या चौकोनातच. तासाला काय, सगळेच बसतात.

मी चिपळूणकडची. बारावीपर्यंतचं आयुष्य वाशिष्ठीच्या काठानं गेलेलं, त्यामुळे पाऊस म्हणजे काय हे आपल्याला कळतं असा माझा समज होता. जूनच्या शेवटी एसटीच्या टपावर ट्रंक बांधून बाबा आणि मी निघालो, तेव्हा कुंभार्ली घाटात ढग खिडकीतून आत आले. खरोखर आत आले. मांडीवरच्या डब्याच्या झाकणावर बारीक थेंब धरले. पुढचा रस्ता दिसत नव्हता, मागचा दिसत नव्हता, नुसता इंजिनाचा घुमणारा आवाज, ओल्या गोणपाटाचा आणि डिझेलचा वास, आणि मधूनच एखाद्या वळणावर कड्यावरून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी. कोयनानगरला चहा झाला. पाटण मागे पडलं, उंब्रजला हमरस्ता लागला, सातारा सुटल्यावर आभाळ उंच उंच होत गेलं, हिरवा रंग विरळ होत गेला, आणि स्वारगेटला उतरले तेव्हा वरून जे काही भुरभुरत होतं त्याला लोक पाऊस म्हणत होते. छत्री उघडावी की नको, या विचारात मी तशीच उभी. बाबांनी ट्रंक हॉस्टेलच्या व्हरांड्यापर्यंत आणून ठेवली, रेक्टरबाईंना दोनदा नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "रात्री कडी नीट लाव."

त्या घाटानं पुढे कितीतरी वेळा जाणं-येणं झालं आणि दर वेळी, का कोण जाणे, धोंडो केशव कर्वे आठवत राहिले. दापोलीजवळच्या मुरुडचा हा मुलगा परीक्षेला बसायचं म्हणून भर पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला होता, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नव्हतं. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. मॅट्रिक व्हायला वयाची तेविशी गाठावी लागली. १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन पदवी. १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. पाठ करायला सोपी अशी ही चढती ओळ. माझं मन मात्र त्या ओळीत रमत नाही. ते घुटमळतं परतीच्या वाटेवर. जाताना डोक्यात परीक्षा असेल, घोकलेलं काहीबाही असेल, पोचायची घाई असेल. येताना? वाट तीच, पाऊस तोच, आणि करायला काही नाही. कुठल्या झाडाखाली तो थांबला असेल, ओल्या धोतराचा सोगा पिळताना मनात काय चाललं असेल, घर जवळ आल्यावर पावलं मंदावली असतील की भरभर पडली असतील? यशाच्या गोष्टी सांगणारे हा भाग एका वाक्यात उरकतात. मला तेवढाच ऐकायचा असतो.

गावात पहिला आलेला मुलगा इथे प्रत्येक बाकावर बसलेला असतो. हे कळायला पहिली चाचणी पुरते. नोटीस बोर्डाच्या काचेमागे गुणांची यादी लागते, काचेवर गर्दीच्या श्वासांचं धुकं, कुणाच्या तरी कोपरामधून वाट काढत आपलं बोट वरच्या नावांवरून सुरुवात करतं, कारण आजवर आपलं नाव तिथेच सापडत आलेलं असतं. मग थोडं खाली येतं, मग आणखी थोडं, ओळखीचे आकडे सरतात, अनोळखी आकडे सुरू होतात.

बोट खालीच जात राहतं.

आणि भाषा. चिपळूणला पुस्तक इंग्रजी असलं तरी सरांची फोड मराठीत असायची. इथे सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत बोलत, आणि मागच्या बाकापर्यंत येईस्तोवर त्या वाक्याचं अर्धं अंग पंख्याच्या घरघरीत विरून गेलेलं असे. ओळखीच्याच गोष्टी होत्या सगळ्या. उष्णता, प्रकाश, वेग. पण परक्या कपड्यांत वावरत होत्या आणि मला पाहून न पाहिल्यासारखं करत होत्या. शेजारची मुलगी मान खाली घालून भराभर उतरवून घेई. तिला सगळं कळतंय असं मला वाटे. मला सगळं कळतंय असं तिला वाटत होतं, हे तिनं दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगितलं. तोवर आम्ही दोघी एकमेकींच्या शहाणपणाला घाबरून गप्प बसलेल्या. एक शंका तोंडातून बाहेर पडायला अख्खं सत्र गेलं, आणि ती पडली तेव्हा कळलं की ती वर्गातल्या निम्म्यांची होती. सरांनी फळा पुसला, खडू मोडला, आणि "बरं झालं विचारलंस" म्हणत पहिल्यापासून सुरू केलं. मराठीत.

पण मी मोकळ्या तासाबद्दल बोलत होते.

नव्या मुलांची एक चाल असते. कॉलेजच्या आवारात जुलै महिन्यात कधीही उभं राहून पाहावं, ती ओळखू येते. ती फार भरभर असते. आपल्याला कुठे जायचं नाही हे कुणाला कळू नये म्हणून नवं मूल कायम कुठेतरी निघालेलं असतं. मुख्य इमारतीकडून कँटीनकडे, कँटीनपाशी कुणी ओळखीचं नाही म्हणून तसंच पुढे सायकल स्टँडकडे, तिथून वळसा घेऊन पुन्हा नोटीस बोर्डाकडे, आणि नोटीस बोर्डावर तीच नोटीस, तिच्या त्याच चार टाचण्या, त्यातली एक गंजलेली. जुनी मुलं मात्र पायऱ्यांवर सांडलेली असतात. ती कुणाची वाट पाहत नसतात, कुठे निघालेली नसतात. ऊन सरकलं की तेवढी सरकून बसतात. त्यांच्या त्या बसण्याचा मला विलक्षण हेवा वाटे. हुशारीचा वाटला नाही एवढा.

रात्री वेगळ्या. दिवे मालवल्यावर हॉस्टेलच्या खोलीत लोखंडी कॉट कुरकुरतात, नळ ठिबकतो, कुणीतरी उशीत तोंड खुपसून रडतं आणि बाकीच्या झोपेचं सोंग घेतात, कारण उद्या आपलीही पाळी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. घराची आठवण मनात येण्याआधी नाकात येते, हे मला त्या खोलीत समजलं. भिजलेल्या चिऱ्याचा वास, चुलीवर वाळत घातलेल्या कपड्यांचा धुरकट वास, आणि ते पुण्याच्या कोरड्या हवेत शोधत मी जागी. अशा वेळी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी डोळ्यांपुढे येत. १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला बसलेली ही मुलगी. तिथली थंडी, तिचं लुगडं, पोचायला आठवडेच्या आठवडे घेणारी पत्रं. तिची पदवी १८८६ ची आणि मृत्यू १८८७ च्या फेब्रुवारीतला. बाविशीही पुरी झाली नव्हती. पहिली डॉक्टर म्हणून तिला सगळे ओळखतात. मला ती पहिल्या सत्रातली दिसते, तास सुटल्यावरची, ज्या घरात परतायचं ते घर आपलं नाही हे जाणून पायऱ्या उतरणारी. माझं चिपळूण तर एका एसटीवर होतं.

मग श्रावण लागला. पुण्यातला श्रावण फार देखणा असतो, हे कोकणातल्या माणसानं मान्य करायला हरकत नाही. आमच्याकडे श्रावणातही आभाळाचं ओझं उतरत नाही. इथे पाऊस येतो, जातो, आणि मागे धुतलेला, सोनेरी, जरा लाजरा उजेड सोडून जातो. तो ग्रंथालयाच्या उंच खिडक्यांतून तिरका आत यायचा. त्या उजेडामागे मी आत गेले, असं आता म्हणायला बरं वाटतं. खरं तर बाहेर पाऊस आला होता आणि छत्री वर्गात राहिली होती.

आत लाकडी खणांची कपाटं होती. बोटाएवढ्या पितळी कड्या, प्रत्येक खणावर अक्षरांची पट्टी, आणि खण ओढला की जुन्या कागदाचा, थोडासा कापरासारखा वास. आत पुस्तकांची कार्डं, मधोमध आरपार गेलेल्या सळईत ओवलेली, कडा हाताळून काळवंडलेल्या आणि मऊ झालेल्या. पुस्तकापर्यंत आपण जायचं नाही. चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा, खिडकीत सरकवायचा, आणि आतल्या अंधारातून शिपाईकाका पुस्तक घेऊन येईपर्यंत थांबायचं. मी उष्णतेवरचं क्रमिक पुस्तक शोधत होते. पण खणातलं बोट एका कार्डावर थांबेल तर ना! त्याच्या पुढचं कार्ड ताऱ्यांचं होतं, त्याच्या पुढचं हवामानाचं, मग कुणा प्रवाशाच्या रोजनिशीचं, मग काचेचं. बोटाखालून कार्डं सुळसुळत गेली, प्रत्येकाच्या मागे एक अख्खं माणूस, त्याची वर्षं, त्याचा ध्यास, आणि हे सगळं माझ्यासाठी इथे थांबून राहिलेलं, फी भरल्याच्या एका पावतीवर. कुणी मला हे वाच म्हणत नव्हतं. कुणी हे परीक्षेला आहे म्हणत नव्हतं. घंटा झाली, ती माझ्यासाठी होती की नव्हती कुणास ठाऊक. मी हवामानाचं पुस्तक मागवलं.

पाऊस मोजायचं भांडं कसं असतं, हे त्यात होतं. कोकणात जन्म काढून मला ते माहीत नव्हतं.

त्या खिडकीपलीकडे आमच्याच वर्गातला एक मुलगा काम करायचा. कमवा आणि शिका योजनेतला. सकाळी तास, दुपारी ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकणं, रात्री एका मेसमध्ये वाढपी. त्याच्या टाइमटेबलात रिकामा चौकोनच नव्हता. या योजनेचं मूळ साताऱ्यातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज सुरू केलं, आणि तिथे मुलांनी अंगमेहनत करून आपल्या शिक्षणाचा खर्च उचलायचा, हा रिवाज घातला. स्वतः भाऊरावांचं वर्गातलं शिक्षण फार पुढे गेलेलं नव्हतं. मोकळ्या तासाचं एवढं कौतुक करताना मला हा मुलगा आठवतो आणि जीभ जरा अडखळते. फावला वेळ ही सगळ्यांना सारखी मिळणारी गोष्ट नाही. तरी गंमत अशी, की वर्गात सर्वांत जास्त अवांतर त्यानंच वाचलेलं होतं. धूळ झटकताना पुस्तक उघडायचं, उभ्या उभ्या एक पान वाचायचं, फडकं फिरवून जागेवर ठेवायचं, दुसरं उघडायचं. त्याला कुठल्याही विषयाचं मधलंच पान माहीत असे. सुरुवात आणि शेवट विचारलात तर हसायचा. "तेवढं तुम्ही वाचा की. तुमच्याकडे टाइम आहे."

प्रयोगशाळेतल्या दुपारी याहून निराळ्या. लांबलचक, आम्लाच्या वासाच्या, ॲप्रनच्या खिशांना पडलेल्या पिवळ्या भोकांच्या. टायट्रेशन असायचं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर कॉनिकल फ्लास्क, त्यात पाण्याइतकं निर्मळ आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि वर ब्युरेटमधून सुटणारा अल्कलीचा थेंब. थेंब पडतो त्या जागी गुलाबी भोवरा उमटतो, फ्लास्क हलवला की मावळतो. उमटतो, मावळतो. मग मावळायला उशीर करू लागतो. आता डोळे हलवायचे नाहीत, हात मात्र हलता ठेवायचा, ब्युरेटची तोटी बोटाच्या पेरानं, जेमतेम कळेल न कळेल इतकी वळवायची, अर्धा थेंब टोकाशी लोंबू द्यायचा, श्वास आपोआप अडतो, आणि तो अर्धा थेंब फ्लास्कच्या काचेला लागून आत ओघळतो तेव्हा सगळं आम्ल एका क्षणात, गालावर लाली चढावी इतपत, गुलाबी होतं. आणि तसंच राहतं.

मात्र असं लागोपाठ तीनदा जमायला हवं, आकडा तोच यायला हवा. "सीबीआर आलं का?" ही तेव्हाची आमची हाक. बहुतेक जण दोन आकडे घेत आणि तिसरा जुळवून लिहीत. जर्नलवर सही मिळत असे, घरी लवकर जाता येत असे. आमचे प्रयोगशाळेतले काका, पायात रबरी स्लिपर आणि कानावर पेन्सिल, टेबलांमधून फिरताना सगळं बघत आणि कुणाला काही म्हणत नसत. माझ्यापाशी एकदा थांबले. मी तोटी जोरात सोडलेली, फ्लास्क भडक राणी रंगाचा. "घाई कसली?" ते म्हणाले, "एसटी चुकतीय का तुझी?" आणि फ्लास्क स्वतः विसळून परत ठेवला. त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघणारी मी शेवटची. खिडकीबाहेर गुलमोहराच्या ओल्या पानांवर उतरतं ऊन होतं, सिंकमध्ये नळाची बारीक धार होती, तिसरा आकडा आलेला होता. कुणी पाहायला नव्हतं. गुण तेवढेच मिळणार होते.

इतका आनंद मला त्या वर्षी दुसऱ्या कशानं झाला नाही. नाही म्हणायला, पुरुषोत्तमनं झाला.

महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आलीय, आणि ऑगस्ट आला की पुण्यातल्या कॉलेजांतल्या कितीतरी मुलांचे मोकळे तास, आणि मोकळे नसलेलेही, तालमीच्या खोलीत जमा होतात. मला अभिनय येत नव्हता, गाणं येत नव्हतं. मोकळ्या तासात एका बंद दाराआडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून डोकावले तर कुणीतरी म्हणालं, "ए, रिकामी आहेस ना? मग हा खांब धर." मी खांब धरला. पुठ्ठ्याचा होता, पण त्याला रंग लावायचा होता, आणि रंग लावणाऱ्यांत एक तिसऱ्या वर्षाची मुलगी होती जिनं मला रंग लावता लावता, माझ्याकडे न बघता, कॉलेजची अख्खी पोथी वाचून दाखवली. कुठल्या सरांना भेटायचं तर त्यांच्या टेबलाशी दुपारी तीननंतर जायचं, ऑफिसातल्या कुठल्या बाई बोनाफाइड त्याच दिवशी देतात, केटी लागली तर जग बुडत नाही पण दुसरीला मात्र जपायचं, घरी पैसे मागायची लाज वाटते तेव्हा कुठे कमी पैशांत पोटभर मिळतं. प्रॉस्पेक्टसमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. भरत नाट्य मंदिरात आमचा प्रयोग लागला तेव्हा मी विंगेत होते. अंधारात धूळ, रंग, घाम आणि चाफ्याच्या अत्तराचा वास. सेट लावायला मोजकीच मिनिटं. आणि पडद्यापलीकडे कॉलेजच्या नावानं घुमणारं सगळं थिएटर, असा कल्लोळ की पायाखालच्या फळ्यांना कंप सुटलेला. त्या आवाजात माझाही आवाज होता. मी ओरडत होते हे मला घसा बसल्यावर कळलं.

करंडक आम्हाला मिळाला नाही. खांब बरेच दिवस हॉस्टेलच्या जिन्याखाली उभा होता.

यंदा माझी भाची पुण्यात पहिल्या वर्षाला आली. ताईनं तिच्यासोबत एक यादी पाठवली. पहाटे उठणं, रोजचं रोज करणं, चांगली संगत धरणं. यादीत खोट काढण्यासारखं काही नाही. मात्र अशा याद्या वाचताना मला नेहमी वाटतं, की त्या लिहिणाऱ्यांनी स्वतः कधी ११.५० ते १२.४० घालवलेले नाहीत. भाचीनं मला विचारलं ते साधंच होतं. "मावशी, फर्स्ट इयरला नक्की काय करायचं असतं गं?" मी तिचं टाइमटेबल मागितलं. ते मोबाइलवर होतं. नव्या धोरणातलं, मेजर, मायनर, क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०; सगळं तोलून मापून मांडलेलं, रंगीत पट्ट्यांत. आणि पट्ट्यांच्या मधे, अजूनही, ते पांढरे चौकोन. त्यांना क्रेडिट नाही. बुधवारी दोन, शुक्रवारी सलग.

"या वेळात काय करतेस?"

तिनं खांदे उडवले. "काही नाही. फोन बघते. कुणी ओळखीचं नसतं ना."

मला तिचा अजिबात राग आला नाही. आमच्या वेळी मोबाइल असता तर मीही नोटीस बोर्डाला फेऱ्या कशाला मारल्या असत्या? मान खाली घालून भिंतीशी उभी राहिले असते, मग कुणाला दिसलं असतं की मला कुठे जायचं नाही? पण मग ते बंद दारही मला ऐकू आलं नसतं, आणि खांब दुसऱ्या कुणीतरी धरला असता. एवढं मनात येऊन गेलं. बोलले नाही. तिला घेऊन हनुमान टेकडीवर गेले. नुकताच पाऊस पडून गेलेला, पायवाटेवर लाल चिखल, गवताला हात लावला की हात भिजत होता. वरून शहर धुऊन निघालेलं दिसत होतं, पर्वती, तिच्यामागे लांबवर सिंहगडाचा निळा ठसा. भाची बूट जपत, कुरकुरत चढली. वर पोचल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या कॉलेजातून इथे यायला किती वेळ लागेल?"

"जमेल शुक्रवारी," मी म्हटलं.

ती शुक्रवारी टेकडीवर गेली की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. परवा ताईचा आला, आवाज चढलेला. "अगं, ही पोरगी फोन उचलत नाही. शुक्रवारी कॉलेज दोनला सुटतं म्हणे. साडेसहापर्यंत असते कुठे? विचारलं तर म्हणते, आम्ही काही जणी मिळून कसल्याशा पाणथळ जागेवरचे पक्षी मोजतो. पक्षी! बीकॉमला पक्षी कशाला लागतात?"

"परत कधी येते?"

"येते वेळेत. पण चिखलानं भरलेली येते."

"सबमिशन झालंय का तिचं?"

"झालं म्हणते."

"मग राहू दे," मी म्हटलं. "आणि तिला विचारून बघ, दुर्बीण स्वतःची आहे की दुसऱ्याची मागून नेते. माझ्या कपाटात एक पडून आहे."